बाकावरचा माणूस

संपादक महोदय,

मडगावात सिंगापूरने भारताच्या फुटबॉल संघाला २-१ ने हरवून आशिया चषकाचं दार बंद केलं, मग ढाक्यात बांगलादेशाकडून २२ वर्षांनी हार. तेव्हापासून आमच्या कॉलेज रोडच्या टपरीवर भारताचे प्रशिक्षक खालिद जमील यांचा रोज उद्धार चालू आहे. ‘परदेशी कोच आणा’ हे पालुपद आहेच. त्यांच्या आधी १३ वर्षं परदेशीच होते की! याच पात्रता फेरीत स्पेनचे मानोलो मार्केझ कोच असताना बांगलादेशाशी गोलशून्य बरोबरी झाली, हाँगकाँगकडून हरलो. ते कुणी काढत नाही.

जमील मूळचे मधल्या फळीतले. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, शेवटी मुंबई एफसी. भारताकडूनही खेळले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही आणि २००९मध्ये त्याच मुंबई एफसीच्या बाकावर ते प्रशिक्षक म्हणून बसले. सात मोसम. पैसा बेताचा, मोठं नाव संघात क्वचितच. दरवर्षी काम एकच, संघ खालच्या श्रेणीत जाऊ द्यायचा नाही. २०१६मध्ये ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले. आदल्याच मोसमात खालच्या श्रेणीत घसरलेला आणि नंतर पुन्हा आत घेतलेला हा संघ. जयेश राणे, आशुतोष मेहता हे मुंबई एफसीत खेळलेले गडी तिथे होते. त्या संघाने मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकली. आणि त्याच मोसमात तळाला कोण गेलं, तर मुंबई एफसी! मला तरी यापेक्षा बोलकं प्रमाणपत्र माहीत नाही.

ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी भारताचा संघ हाती घेतला. लगेच मध्य आशियाई देशांच्या काफा स्पर्धेत ओमानला टायब्रेकरवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला, तेव्हा हीच टपरी खूश होती. सिंगापूरविरुद्ध आघाडी घेऊन सामना घालवला, तिथे त्यांचं चुकलं असेल, मी नाही म्हणत नाही.

मला खुपतं ते आपल्या गावातलं. धावपटू कविता राऊत, नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांच्या जिल्ह्यात फुटबॉलपटू तिशीत बूट काढतो तो कायमचा. पुढे विमा, बँक, नाहीतर द्राक्षबाग. मी स्वतः डावा हाफ होतो. पदरचे पैसे घालून प्रशिक्षकाचा डी परवाना काढला आणि एका शाळेत गेलो. ‘चेंडू लाथाडायला परवाना कशाला हो?’ असं ऐकून परत आलो. तिथे अजून कबड्डी आणि फुटबॉल एकाच तासाला, एकाच शिट्टीवर चालतं.

आपल्या क्रीडा पानाला एकच विनंती. शालेय स्पर्धांच्या बातमीत गोल करणाऱ्याचं नाव येतं, मिनिटासकट येतं, कधीकधी पाहुण्यांची अख्खी यादीही येते. त्यातला एक पाहुणा कमी करून दोन्ही संघांच्या प्रशिक्षकांची नावं छापाल का?

— एक माजी डावा हाफ, सिडको, नाशिक