हुतात्म्यांनंतरच्या कार्यकर्त्यांचीही नोंद हवी

हुतात्मा दिनानिमित्त आपल्या दैनिकात आलेला सोलापूरच्या लढाऊ परंपरेवरील लेख वाचला. लेख उत्तम आहे, पण तो 1931 मध्येच थांबतो, हे खटकले. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी झाली. यांपैकी कुर्बान हुसेन हे पत्रकार होते आणि गिरणी कामगारांत काम करीत. म्हणजे 1930 मध्ये मार्शल लॉ (लष्करी कायदा) लागलेल्या सोलापुरातच स्वातंत्र्याचा आणि कामगारांचा लढा एकमेकांत मिसळला होता.

तो लढा पुढे नेला शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांनी, विडी वळणाऱ्या बायकांनी आणि त्यांच्यासाठी मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत घरोघर बोलत फिरलेल्या कार्यकर्त्यांनी. सोलापूरजवळच्या कुंभारीची गोदूताई परुळेकर वसाहत, विडी कामगारांची 10 हजार घरे, ही त्या चिकाटीचीच फळे. तिथल्या लढ्याचे नेते, माजी आमदार नरसय्या आडम ऊर्फ आडम मास्तर सर्वांना ठाऊक आहेत; मोर्च्याच्या मागच्या रांगेत आयुष्य काढलेल्यांची नावे मात्र कुठेच लिहिलेली नाहीत. त्यांतले कितीतरी गेले, उरलेले थकले आहेत. त्यांच्याजवळची पत्रके, पावतीपुस्तके, छायाचित्रे घरे आवरताना रद्दीत जात आहेत, याचे फार वाईट वाटते.

महापालिका आणि विद्यापीठाने मिळून या ज्येष्ठांच्या मुलाखती त्यांच्याच भाषेत ध्वनिमुद्रित कराव्यात. आपल्या दैनिकानेही दर आठवड्याला एका कार्यकर्त्याची ओळख छापावी, ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर