केंद्रातल्या कॉम्प्युटरचं ‘एक्स्टेंशन्स’चं पान एकदा उघडून बघा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

सायबर फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात नेमानं येतात. ओटीपी सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, फसलात तर १९३० वर फोन करा, हे आता आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांनाही पाठ झालंय. पण या बातम्या बहुतेक मोबाइलच्या असतात. ज्या कॉम्प्युटरवर दिवसभरात गावोगावच्या लोकांची आधार कार्डं, पासबुकं आणि सातबारे उघडतात, त्याच्या ब्राउझरमध्ये (इंटरनेट बघायच्या क्रोमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये) कुठली कुठली ‘एक्स्टेंशन्स’, म्हणजे वरून जोडलेली छोटी जादा सॉफ्टवेअरं, येऊन बसलीत, यावर कुणी लिहीत नाही. म्हणून हे पत्र.

मी सेलू तालुक्यात सेवा केंद्र चालवते. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बोटाच्या ठशाचं मशीन, आणि लाइट गेली की पंधरा-वीस मिनिटं तग धरणारी बॅटरी, एवढा पसारा. खरिपाच्या दिवसांत सकाळी शटर उघडायच्या आधीच पायरीवर चपलांची रांग लागते.

अशाच एका सकाळी शेजारच्या खेड्यातले एक मामा आले होते. मागच्या हंगामातल्या सोयाबीनच्या विम्याचं काय झालं, एवढंच त्यांना बघायचं होतं. पावती त्यांनी दुधाच्या पिशवीत घडी घालून जपून आणली होती. गर्दी होती. मी पोर्टलचा पूर्ण पत्ता न लिहिता वरच्या पट्टीत नुसतं नाव टाकलं आणि एंटर दाबलं. पट्टीत क्षणभर एक भलतंच नाव चमकून गेलं, मग शोधाचं पान उघडलं. ते माझं नेहमीचं पान नव्हतं, पण हाताला सवय असते, पहिल्या ओळीवर क्लिक झालं. समोर आलेलं पान थेट विम्याच्या पोर्टलसारखं. नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, मग आधार. मामा एकेक आकडा वाचून दाखवत होते. आठ आकडे टाकून झाल्यावर माझा हात थांबला. विम्याची स्थिती बघायला पावतीचा नंबर लागतो, आधार कशाला? वर पत्ता बघितला. सरकारी पत्त्याच्या शेवटी असतं ते ‘जीओव्ही डॉट इन’ नव्हतंच.

मी पान बंद केलं. मामांना खरं काय ते सांगितलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवर पूर्ण पत्ता टाकून त्यांचं काम करून दिलं. मामा काही बोलले नाहीत, पण जाताना पावती त्यांनी पुन्हा तशीच घडी घालून पिशवीत ठेवली, तेव्हा मला फार अपराधी वाटलं. त्यांनी आकडे माझ्या भरवशावर वाचून दाखवले होते.

त्या रात्री शोधल्यावर कळलं की घाण माझ्याच ब्राउझरमध्ये होती, आणि ती मीच आणलेली होती. आमच्या धंद्यातली रोजची डोकेदुखी म्हणजे केबी. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर चार एमबीचा फोटो पाठवतं आणि पोर्टलला तो शंभर-दोनशे केबीच्या आत हवा असतो. त्यासाठी वर्षभरापूर्वी मी पीडीएफ आणि फोटो लहान करून देणारं एक फुकटचं एक्स्टेंशन क्रोममध्ये टाकलं होतं. काम छान करायचं. टाकताना एक चौकट आली होती, तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, ‘रीड अँड चेंज ऑल युवर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’. मी न वाचता ‘ॲड’ दाबलं.

त्या एका ओळीचा अर्थ प्रत्येक केंद्रचालकाला कळायला हवा असं मला मनापासून वाटतं. तुम्ही जी जी वेबसाइट उघडाल तिथं जे दिसतं ते सगळं वाचायची आणि हवं तसं बदलायची परवानगी त्या एक्स्टेंशनला मिळते. बँकेचं पान असो, शिष्यवृत्तीचा अर्ज असो, चौकटीत भरलेला आधार नंबर असो, टाकलेला ओटीपी असो. पत्त्याशेजारी कुलूप आहे म्हणजे आपण सुरक्षित, असं आपण समजतो. पण ते कुलूप ब्राउझर आणि वेबसाइट यांच्यामधल्या वाटेचं असतं. एक्स्टेंशन तर ब्राउझरच्या आतच बसलेलं. पाकीट चिकटवून टपालात टाकलं तरी पत्र लिहिताना जो पाठीशी उभा होता, त्यानं ते वाचलेलंच असतं.

वर्षभर नीट वागलेलं एक्स्टेंशन अचानक बिघडलं कसं, हे मला आधी उमगेना. कारण असं की एक्स्टेंशन आपोआप अपडेट होतात. मूळ बनवणारा ते दुसऱ्याला विकू शकतो आणि नवा मालक त्यात काय घालतो ते आपल्याला दिसत नाही. नवी परवानगी लागणार असेल तर क्रोम पुन्हा विचारतं, पण सगळ्या वेबसाइट्सची परवानगी पहिल्याच दिवशी दिलेली असेल तर विचारायला उरतंच काय? ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचं एक्स्टेंशन वीस लाखांहून जास्त लोक वापरत होते. वापरात नसलेले टॅब झोपवून मेमरी वाचवायचं, एवढंच त्याचं काम. २०२० मध्ये ते विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याचं सांगून गूगलनं ते लोकांच्या कॉम्प्युटरवर बंद केलं. डिसेंबर २०२४ मध्ये तर सायबरहेवन या डेटा सुरक्षेचंच काम करणाऱ्या कंपनीच्या एक्स्टेंशनमध्ये चोरट्यांनी शिरकाव केला. तिथल्या एका कर्मचाऱ्याला खोटा ईमेल पाठवून त्यांनी तो साधला. असल्या कंपनीचं हे झालं, मग केबी कमी करणाऱ्या फुकटच्या वस्तूवर मी किती विश्वास टाकायचा?

आता काढायचं कसं. क्रोमच्या उजव्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके असतात. ते दाबून ‘एक्स्टेंशन्स’, मग ‘मॅनेज एक्स्टेंशन्स’. जे ओळखीचं नाही त्याखाली ‘रिमूव्ह’. एवढंच. पण एवढ्यानं माझं काम संपलं नाही, म्हणून पुढचं सविस्तर लिहिते.

माझ्या आधी या कॉम्प्युटरला एका दुकानदारानं हात लावला होता. शोधाचं पान बदलतंय अशी तक्रार मी त्या प्रसंगाच्या पंधरा दिवस आधीच केली होती. ‘व्हायरस आहे’ म्हणून त्यांनी फॉरमॅटचे पाचशे रुपये घेतले, वर अँटिव्हायरस गळ्यात मारला. दुसऱ्या दिवशी मी क्रोममध्ये माझ्या खात्यानं लॉगिन केलं, सिंक, म्हणजे खात्यात साठवलेलं सगळं कॉम्प्युटरवर परत आणणं, चालू झालं, आणि तेच एक्स्टेंशन निमूटपणे परत येऊन बसलं. ते खात्यात साठवलेलं होतं, कॉम्प्युटर दहा वेळा पुसला असता तरी आलंच असतं. नुसतं ‘रिमूव्ह’ दाबलं असतं तर सिंकमधूनही गेलं असतं. पाचशे रुपये गेले त्याचं दुःख नाही, पण ते पान उघडून बघायला दोन मिनिटं लागतात आणि तेवढं त्या माणसानं करायला हवं होतं.

दुसऱ्या कॉम्प्युटरची तऱ्हा वेगळी. आपला म्हणून मी तोही तपासला, तर एका एक्स्टेंशनला ‘रिमूव्ह’चं बटणच नव्हतं. ठिपक्यांच्या यादीत अगदी खाली ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं लिहिलेलं. माझ्या केंद्राची कुठली आलीय ऑर्गनायझेशन! शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला आलेल्या, डिप्लोमाला शिकणाऱ्या एका मुलीनं ते सोडवलं. बँकेत किंवा सरकारी कार्यालयात ही ओळ खरी असते, पण घरच्या नाहीतर दुकानातल्या कॉम्प्युटरवर ती दिसली तर बहुधा एखाद्या फुकट किंवा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरनं विंडोजमध्ये मागच्या दारानं ‘पॉलिसी’, म्हणजे क्रोमनं पाळायचा हुकूम, लिहून ठेवलेली असते. आमच्याकडं ते व्हिडिओ डाउनलोड करायचं सॉफ्टवेअर निघालं. तिनं आधी ते विंडोजमधून काढलं, मग रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीतली, नोंद पुसली, मग क्रोमच्या सेटिंगमधलं ‘रीसेट’ वापरलं. रजिस्ट्रीला माहिती असल्याशिवाय हात लावू नये, असं तिनं मला दोनदा बजावलं.

काढलं तरी आधी गेलेली माहिती परत येत नाही. म्हणून मी माझे सगळे पासवर्ड बदलले, तेही कॉम्प्युटर साफ झाल्यावर, आधी नव्हे. शोधाचं पान आणि होमपेज सेटिंगमध्ये जाऊन बघितलं. कोपऱ्यात सारख्या येणाऱ्या ‘तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे’ छापाच्या पाट्या मात्र एक्स्टेंशनच्या नव्हत्याच. कुठल्या तरी वेबसाइटला कधीतरी नोटिफिकेशनची ‘अलाउ’ दिलेली, ती साइट सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करावी लागली.

सरसकट सगळंच उडवा, असंही माझं म्हणणं नाही. मराठी टाइप करायचं एक एक्स्टेंशन मी ठेवलंय. काहींना डिजिटल सहीसाठी एखादं लागतं. खात्री नसेल तर आधी नुसतं बंद करून दोन दिवस काम करून बघावं. आणि बोटाच्या ठशाचं मशीन ज्यावर चालतं ते ‘आरडी सर्व्हिस’ नावाचं सॉफ्टवेअर हे एक्स्टेंशन नव्हे. ओळखीच्या एका केंद्रचालकानं सफाईच्या भरात तेच काढून टाकलं आणि त्याचं मशीन अर्धा दिवस मुकं झालं.

गिऱ्हाइकाला स्वतःच्या खात्यानं लॉगिन करायचं असेल तर मी आता क्रोमची ‘गेस्ट’ विंडो उघडून देते. तिच्यात कुठलंच एक्स्टेंशन चालत नाही आणि बंद केली की त्याचं लॉगिनही मागं राहत नाही. या एका सवयीसाठी एक पैसा लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. केंद्रचालकांची प्रशिक्षणं होतात, त्यात योजना, पोर्टल, कमिशन यांवर तासन्‌तास बोलणं होतं. त्यातला अर्धा तास या पानाला द्या. शाळांच्या संगणक कक्षांत आणि पतसंस्थांच्या काउंटरवर हीच तपासणी व्हावी. कॉम्प्युटर दुरुस्त करून परत देणाऱ्यानं हे पान गिऱ्हाइकासमोर उघडून दाखवावं. आणि आपण, संपादक महोदय, फसवणुकीच्या बातमीशेजारी जी सूचनांची चौकट छापता, तिच्यात मोबाइलच्या खाली कॉम्प्युटरसाठीही दोन ओळी द्याव्यात.

सेलू आणि आसपासच्या केंद्रचालकांपैकी कुणाला जमत नसेल तर रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन माझ्याकडं यावं. त्या दिवशी शटर अर्धं खाली असतं, पण मी आत असते.

आपली वाचक,
एक सेवा केंद्रचालक,
ता. सेलू, जि. परभणी