फवाऱ्यातून उजेड: बाबांच्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबांनी विचारलं होतं, "नुसता रंग फवारून दिवा कसा लागतो?" फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते.

काचेचा सपाट पडदा (स्क्रीन) हेल्मेटच्या किंवा कृत्रिम पायाच्या गोलाईवर बसत नाही. रंग मात्र कुठेही बसतो. म्हणून वस्तू आधी घडवायची आणि उजेड देणारे थर तिच्यावर मागाहून फवारायचे. ब्रिस्टल विद्यापीठ आणि एमआयटी इथल्या संशोधकांनी २०२० साली ‘प्रोटोस्प्रे’ नावाने हेच मांडलं. त्यात थ्रीडी प्रिंटरने वस्तू छापतानाच वीजवाहक प्लास्टिकच्या वाटा तिच्यात घालून ठेवतात, त्यामुळे बाहेरून तारा ओढाव्या लागत नाहीत.

मूळ तत्त्व जुनं आहे. १९३६ मध्ये पॅरिसला जॉर्ज देस्त्रियो यांनी झिंक सल्फाइडची पूड एरंडेलात कालवून तिच्यावर एसी दाब (दिशा बदलत राहणाऱ्या विजेचा व्होल्टेज) लावला आणि ती उजळली. आजही पूड झिंक सल्फाइडचीच असते, त्यात किंचित तांबं मिसळलेलं.

बाबा, तुम्ही पंख्याचा कपॅसिटर बदलता ना, हा पडदाही कपॅसिटरच आहे: दोन वाहक थर आणि मध्ये वीज अडवणारा थर. फक्त त्याची एक बाजू पारदर्शक असते. वस्तू घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, कारण बोटाचा तेलकट डाग राहिला की त्या जागी थर धरत नाही. मग चांदीचा किंवा तांब्याचा वाहक रंग मारायचा. तो पूर्ण वाळला की मीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तपासायचा. त्यावर बेरियम टायटनेटचा पांढरा थर, त्यावर झिंक सल्फाइडचा, मग पेडॉट नावाच्या वाहक पॉलिमरचा पारदर्शक थर. पेडॉटचा रोध जास्त असल्याने कडेने चांदीची पट्टी ओढतात, नाहीतर जोडणीजवळ उजेड आणि लांब अंधार असं होतं. शेवटी इन्सुलेट करणारं वॉर्निश. आकृती हवी असेल तर स्टिकरच्या कागदाचे साचे कापून प्रत्येक थराला चिकटवायचे.

सगळा जीव त्या पांढऱ्या थरात आहे. दोन्ही वाहक थर एकमेकांना भिडू नयेत हे त्याचं मुख्य काम, आणि मागे गेलेला उजेड तो पुढे परतवतोही. त्यात सुईच्या अग्राएवढं भोक राहिलं तरी दाब लावताच तिथे ठिणगी पडते आणि काळा ठिपका जळून उरतो. अशी भोकं बहुधा घाईमुळे पडतात. एकदम जाड हात मारला की, आईच्या जाड लाटलेल्या पापडासारखा, थर वरून वाळतो आणि आत ओला राहतो. अडकलेलं द्रावक (रंग पातळ करणारा, उडून जाणारा द्रव) मग साय फोडून बाहेर येतं. म्हणून पातळ हात मारायचे, मध्ये वाळू द्यायचं, आणि दर हात आधीच्या हाताला काटकोनात फिरवायचा. जाडी कमी-जास्त झाली तर उजेडही डागाळतो, कारण तेवढाच दाब जाड जागी क्षीण पडतो.

दुसरी डोकेदुखी नोझलची. झिंक सल्फाइडचे कण सुमारे २० ते ३० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. ०.३ मिलिमीटरच्या नोझलमध्ये ते अडकून बसतात, त्यामुळे ०.५ ते ०.८ चं घ्यावं लागतं. पूड जडही आहे: झिंक सल्फाइड पाण्याच्या चौपट, बेरियम टायटनेट सहापट. फवारणी चालू असताना भांडं सारखं हलवलं नाही तर पूड तळाशी बसते आणि वर नुसतं बाइंडर (पूड धरून ठेवणारा चिकट द्रव) फवारलं जातं. अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवायचं. त्याहून लांब गेलं की थेंब हवेतच वाळतात आणि थर खरखरीत होतो.

वीज जोडण्याआधी कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याची क्षमता, मोजायची. १० बाय १० सेंटिमीटरच्या तुकड्याची दहाच्या काही पट नॅनोफॅरड भरते (नॅनोफॅरड म्हणजे मायक्रोफॅरडचा हजारावा भाग). पंख्याचा २.५ मायक्रोफॅरड असतो, म्हणजे ही त्याच्या मानाने कितीतरी लहान. आकडा फार कमी आला तर पारदर्शक थर कुठेतरी तुटला आहे. मीटर थेट शॉर्ट दाखवत असेल तर जोडायचंच नाही. मग इन्व्हर्टरमधून १०० ते २०० व्होल्ट एसी, काही शे हर्ट्झ. उजेड निळसर हिरवा. वारंवारता वाढवली की तो वाढतो, पण पूड लवकर म्हातारी होते. ओलावा शिरला तर ती काळवंडते, त्यामुळे शेवटच्या वॉर्निशमध्ये कंजुषी नको.

खोलीत दिवा म्हणून याचा उपयोग नाही, एलईडीपुढे हा फारच कमी उजेड देतो. पण जिन्याच्या पायऱ्यांच्या कडा, हेल्मेटवरची खूण किंवा हाताला बसेल अशा गोल मुठीवर उमटणारा आकडा, इथे याला तोड नाही. वाहक रंगाचा एकच थर भिंतीवर मारून स्पर्शाने चालणारं बटणही होतं. त्याला एवढा मोठा दाब लागत नाही.

आई, तुझी काळजी रास्त आहे. ही पूड आणि द्रावकाची वाफ फुप्फुसात जाऊ द्यायची नसते. त्यामुळे फवारणी हवा ओढणाऱ्या कपाटातच करायची, तोंडावर कण आणि वाफ दोन्ही अडवणारा मास्क, हातात मोजे, आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नाही. साधा कापडी मास्क इथे कामाचा नाही. पडदा उघडा असताना दाब चालू ठेवून हात लावायचा नाही, तेवढा प्रवाह धोक्याचाच आहे.

बाबा, पुढच्या वेळी बोलताना तुमच्या मीटरवर नॅनोफॅरडची श्रेणी आहे का ते पाहून सांगा. असेल तर एक छोटा तुकडा पाठवते, इन्व्हर्टर न जोडता तुम्हाला तो मोजून बघता येईल.

तुमची लेक