साडेचारची एसटी

मामा, नमस्कार.

तुमचं नाव मला आजही माहीत नाही. कोर्टाच्या दारावर पुकारा करणारे शिपाई तुम्ही, सगळेच तुम्हाला मामा म्हणायचे, वकील, पक्षकार, टपरीवाला सुद्धा. मागच्या आठवड्यात निकालाची नक्कल घ्यायला आले, तर दाराशी एक तरुण मुलगा उभा होता. तुम्ही रिटायर झालात असं त्यानं सांगितलं. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडू आवरेना. निकाल लागला त्या दिवशी मी रडले नव्हते. तुम्ही नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर कुणीतरी तुम्हालाच जाब विचारला असता, म्हणून इतके दिवस गप्प राहिले. आता लिहिते.

तुमच्या दारापर्यंत पोचायच्या आधी मी बरीच दारं वाजवली होती, ते आधी सांगते. माझं सासर कृष्णाकाठचं, बागायती. माहेर माणदेशातलं, पावसाकडं डोळे लावून बसणारं. बागायतदाराच्या घरात पोर पडली म्हणून भावकीनं पेढे खाल्ले होते. तीच भावकी मी अंगावर वळ घेऊन आले तेव्हा म्हणाली, "एवढ्या तेवढ्यावरनं घर मोडतंय व्हय?" पोलीस ठाण्यात गेले. तिथले साहेब वर न बघताच म्हणाले, "नवराबायकोचं आहे, घरी बसून मिटवा." समुपदेशनाला पाठवलं, तिथं मला आणि त्याला एकाच टेबलाशी समोरासमोर बसवलं. टेबलाखाली तो माझ्या पायावर पाय ठेवून बसला होता आणि वर ताई विचारत होत्या, "मोकळेपणानं बोला, काय त्रास आहे?" मी म्हणाले, काही नाही. त्यांनी तसंच लिहून घेतलं. पुढं उलटतपासात तोच कागद माझ्यासमोर धरला गेला.

पहिल्या वकिलासाठी वडिलांनी दुभती म्हैस विकली. वकील दोन तारखांना आलेच नाहीत. कुठल्याही बाईला तिचं उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो, हे 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात आहे. म्हैस विकायच्या आधी एवढं एक वाक्य आम्हाला कुणीही सांगितलं नाही. नंतर तालुक्याच्या विधी सेवा समितीनं ज्या वकील मॅडम दिल्या, त्यांच्याबद्दल मी जन्मभर चांगलंच बोलेन. पण हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला आहे.

बायकांना घरातल्या मारहाणीपासून, छळापासून वाचवणारा 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, माझा अर्ज त्यातलाच. त्यात अर्ज आल्यावर साधारण 3 दिवसांत पहिली तारीख लावा आणि तिथून 60 दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न करा असं लिहिलंय. मॅडमनी मला तो कागद दाखवला होता. माझा अर्ज दोन वर्षं सात महिने चालला. कधी समन्स बजावलं गेलं नाही, कधी त्यांच्या वकिलांनी मुदत मागितली. प्रत्येक तारखेला मला त्याच व्हरांड्यात, त्याच बाकावर, ज्याच्यापासून पळून आले त्याच्यापासून दोन हातांवर बसावं लागायचं. सोबत सासू, दीर, त्यांनी आणलेले चार गडी. पुकारा व्हायला कधी दुपारचे तीन वाजायचे. सगळ्या जगाला वाटतं की बाईनं खरी हिंमत अर्ज करायला लावली. अर्ज मी एका दुपारी केला. त्या बाकावर सकाळी अकरापासून बसायची हिंमत मला दर महिन्याला नव्यानं गोळा करावी लागली.

आता त्या दिवसाबद्दल. तिसरी तारीख असेल. वडिलांचे गुडघे धरले होते म्हणून मी आणि माझी चार वर्षांची मुलगी, दोघीच आलो होतो. काम झालं, बाहेर पडलो, मागोमाग नवरा आणि दीर. स्टँडवर साडेचारची एसटी लागलेली होती. आम्ही खिडकीशी बसलो. तो खाली येऊन उभा राहिला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. गाडीच्या किल्लीनं काचेवर टक, टक, टक. थोडा थांबायचा आणि परत टक, टक, टक. मारायच्या आधी खोलीच्या दारावर तो असंच वाजवायचा. मुलगी सीटखाली शिरली ती गाव येईपर्यंत वर आली नाही. ड्रायव्हरनं गाडी काढली तेव्हा समोरच्या टपरीवर हातात चहाचा ग्लास घेऊन उभे असलेले तुम्ही मला दिसलात. ग्लास तोंडाला न लावता तुम्ही इकडंच बघत होतात.

त्यानंतरच्या तारखेला पाच मिनिटांत काम आटोपलं. मी दाराशी आले तर तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत हळूच म्हणालात, "ताई, एसटी लागली असंल. जावा तुम्ही म्होरं." मी पुढं झाले आणि पाठीमागं तुमचा आवाज आला, मोठा, पुकाऱ्याचा. "तुम्ही थांबा. टेबलावरनं तारीख लिहून घ्या, मग जावा." टेबलावरच्या क्लार्कबाई दुसऱ्याच फायलीत होत्या. त्यांचं होईपर्यंत तुम्ही दारातून हललाच नाहीत. मी मुलीला काखेला मारून पळत स्टँडवर गेले. एसटी निघाली तेव्हा काचेपाशी कुणी नव्हतं.

हा योगायोग नव्हता हे मला त्याच्या पुढच्या तारखेला कळलं, कारण तुम्ही परत तेच केलंत. आणि मग प्रत्येक वेळी. दीर एकदा चिडून म्हणाला, "तारीख काय तोंडपाठ हाय, जाऊ द्या." तुम्ही म्हणालात, "लिहून घेतलेली बरी असती."

तुम्ही मला कधी विचारलं नाहीत की नेमकं काय झालं, चूक कुणाची, मुलीचं पुढं काय. मला भेटलेला प्रत्येक माणूस आधी हे विचारायचा आणि माझ्या उत्तरावरून मदत करायची का नाही ते ठरवायचा. तुम्ही नुसतं घड्याळ बघितलंत.

उलटतपासात तो काचेचा विषय मीच काढला. त्यांच्या वकिलांनी विचारलं, "म्हणजे काचेला किल्ली लावली, एवढंच ना?" काय सांगू? कायद्यात मानसिक छळ हाही हिंसाचार आहे, पण टक टक साक्षीत कशी लिहायची? मारलं त्याची तारीख सांगा म्हणाले. मी म्हणाले, बेंदराच्या आदल्या दिवशी. नंतर ऊसतोडीची टोळी आली त्या आठवड्यात. नंतर यात्रेला. "तारीख सांगा, सण नको." मार खाल्लेली बाई कॅलेंडरवर खूण करत बसत नाही हो. मागं बसलेली माणसं हसली. अशी सुनावणी बंद दाराआड मागता येते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. हसणाऱ्यांकडं बघून तुम्ही "शांतता राखा" म्हणालात. तुमचं ते रोजचंच वाक्य असेल. मला त्या दिवशी ते माझ्या बाजूनं बोलल्यासारखं वाटलं.

निकालाचं थोडक्यात सांगते, तुम्हाला कळलं नसेल. त्यानं स्वतःला बेरोजगार दाखवलं होतं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, उसाचं बिल सासऱ्यांच्या खात्यात. पण रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली सांगितलंय की दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची. मॅडमनी त्यावर जोर लावला. पोटगी मंजूर झाली, मुलगी माझ्याकडं राहिली, आणि त्यानं आमच्या वाटेला येऊ नये असा आदेश झाला. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पैसे मात्र अजून आलेले नाहीत, आता वसुलीचा अर्ज आहे. म्हणजे परत तारखा.

मी आता साताऱ्यात खोली घेऊन राहते, ब्लाउज शिवते. मुलगी दुसरीत आहे. तिच्या शाळेतल्या बाईंनी दाखल्यासाठी बापाची सही आणा म्हणून अडून न बसता मला एक साधा अर्ज लिहायला सांगितला. त्या एसटीचे एक कंडक्टर होते, ते मला बघितलं की दाराजवळची सीट रिकामी करून द्यायचे. अशी माणसं कुठल्याच आदेशात येत नाहीत, त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, पगारात बसणारं ते कामही नसतं. तरी ती करतात आणि विसरून जातात. तुम्हीही विसरला असाल. मी नाही विसरले, आणि माझ्या मुलीलाही विसरू देणार नाही.

नक्कल घ्यायला आले त्या दिवशी बाकावर एक बाई होती, माझ्यापेक्षा लहान. सोबत म्हातारी आई. पलीकडं पाच-सहा माणसं, त्यातला एक तिच्याकडं टक लावून बघत होता. मी डोळे पुसले आणि तुमच्या जागी उभ्या असलेल्या त्या मुलाकडं गेले. म्हटलं, "दादा, त्या ताईंची एसटी किती वाजता आहे, तेवढं विचारून ठेव. आणि त्यांना आधी सोड." त्याला आधी काही कळेना. मग त्यानं बाकाकडं बघितलं, पलीकडच्या माणसांकडं बघितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं मान वळवली.

तुमची,
साडेचारच्या एसटीतली ताई
सातारा