तापानंतरचा थकवा: ढोंगही नाही, सलाईनचे कामही नाही

संपादक महोदय,

पावसाळा लागला की आपल्या जिल्हा पानावर डेंग्यू-चिकनगुनियाचे आकडे येऊ लागतात. कुठे धुरळणी झाली, कुठे राहिली, कोणत्या भागात पाणी आठ-आठ दिवसांनी येते म्हणून लोक ड्रम भरून ठेवतात आणि त्यात अळ्या होतात, हे सगळे छापून येते आणि यायलाच हवे. पण ताप उतरला की बातमीही उतरते. तो माणूस पुन्हा कामावर गेला का, हे कुणी विचारत नाही. मी भुसावळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ताप जाऊन तीन-चार महिने झाले तरी अंगात त्राण नाही अशी माणसे आमच्याकडे येतात, म्हणून हे पत्र.

अशांना मी आता हातातल्या पिशवीवरून ओळखतो. कापड दुकानाची जुनी कॅरीबॅग, आत घड्या पडलेले रिपोर्ट आणि दोन-तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), शुगर, टीएसएच (थायरॉईडची तपासणी), बी-१२ सगळे झालेले आणि सगळे नॉर्मल. मध्यंतरी यावलकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली होती. नंबर लागेपर्यंत ती बाकावर बसेना; भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर पाय पसरून बसली. ताठ बसलं की डोकं गरगरतं म्हणाली. संध्याकाळी रिपोर्ट हातात दिला तर म्हणे, "समदं नॉर्मल शे, मंग मना आंगमा जीव का बरं नही?" घरात सासूचा निकाल आधीच लागलेला: कापूस वेचणीच्या तोंडावर सून ढोंग करते. म्हणून बाईने हट्टाने दोन दिवस वेचणी केली आणि पुढचे चार दिवस खाट सोडली नाही.

ही वेचणीनंतरची चार दिवसांची खाट डॉक्टरांना कुणी सांगत नाही, आणि नेमके तेच सांगायला हवे. साधा अशक्तपणा आराम केला, खाल्ले-प्यायले की भरून निघतो. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजारात थोडे जास्त काम झाले की, बरेचदा एक-दोन दिवसांनी, सगळे दुखणे उसळून वर येते. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे निकष मांडले. सहा महिन्यांहून जास्त टिकलेला आणि रोजचे व्यवहार बंद पाडणारा थकवा, झोपूनही न जाणारा शीण आणि ही श्रमानंतरची घसरण, ही तिन्ही लक्षणे हवीतच. त्यांच्या जोडीला विचारांचा गोंधळ किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास, यापैकी एक तरी हवे. मी डॉक्टर नाही, त्या बाईला हाच आजार आहे असे म्हणणार नाही. पण आमच्या मशीनमध्ये तो दिसत नाही, एवढे खात्रीने सांगू शकतो. त्याची रक्ततपासणी अजून जगात कुठेच नित्य वापरात नाही.

मग यामागे विषाणू असतो का? विषाणू अंगात दडून राहतो, हे आपल्याकडे कुणाला नवल वाटू नये. नागीण सगळ्यांनी पाहिली आहे. लहानपणीच्या कांजण्यांचाच तो विषाणू. मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे दबा धरून बसतो आणि उतारवयात प्रतिकारशक्ती ढिली पडली की बाहेर येतो. एपस्टाईन-बार नावाचा विषाणू तर बहुतेक प्रौढांच्या रक्तातल्या बी पेशींत जन्मभर मुक्कामाला असतो. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये चिकनगुनियाची मोठी साथ आली. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानेही त्या विषाणूचे अवशेष सापडले. कोरोनाचे अवशेषही काही जणांच्या शरीरात कित्येक महिन्यांनंतर आढळले आहेत. असा उरलेला विषाणू किंवा त्याचे तुकडे प्रतिकारयंत्रणेला स्वस्थ बसू देत नसतील आणि थकवा त्यातूनच येत असेल, हा संशय म्हणूनच पोकळ नाही.

पण विषाणू सापडणे वेगळे आणि त्यानेच आजार झाला हे सिद्ध होणे वेगळे. सध्या काही ठिकाणी थकव्याच्या रुग्णाला एपस्टाईन-बारची आयजीजी तपासणी, म्हणजे हा विषाणू पूर्वी कधी अंगात शिरल्याची खूण शोधणारी तपासणी, लिहून देतात. ती पॉझिटिव्ह येणारच! दहांतल्या नऊहून जास्त प्रौढांची येते. त्या कागदावर बोट ठेवून "सापडलं बघा" म्हणणे आणि महागडी औषधे सुरू करणे हे शास्त्र नव्हे.

ऑस्ट्रेलियातल्या डब्बो गावाचा अभ्यास मला यात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो मोठ्या शहरातला नाही, शेती आणि गुराढोरांच्या मुलखातला आहे. तिथे तीन वेगवेगळ्या आजारांच्या २५३ रुग्णांवर ताप आल्यापासून लक्ष ठेवले गेले. एपस्टाईन-बारचा ताप, जनावरांपासून होणारा क्यू फीवर आणि डासांमुळे होणारा रॉस रिव्हर. हा रॉस रिव्हर चिकनगुनियाच्याच कुळातला. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सहा महिन्यांनंतरही सुमारे १२ टक्के लोकांचा थकवा गेला नव्हता, आणि तिन्ही आजारांत चित्र जवळपास सारखेच होते. थकवा कुणाचा टिकणार हे मुख्यतः सुरुवातीचा आजार किती जोराचा होता यावर ठरले, रुग्णाच्या स्वभावावर किंवा जुन्या मानसिक त्रासावर नाही. सासूबाईंना कुणीतरी वाचून दाखवावे असे हे वाक्य आहे. यात आणखी एक गोम आहे. क्यू फीवर विषाणूने नव्हे, जिवाणूने होतो. तरीही शेवट तोच. म्हणजे कदाचित प्रश्न एखाद्या ठरावीक विषाणूचा नसून, त्याला तोंड देताना शरीरात जे बिघडते आणि पुन्हा जागेवर येत नाही त्याचा असेल.

घाईने बोट दाखवल्यावर काय होते, तेही घडून गेले आहे. २००९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दावा आला की या रुग्णांच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू सापडतो. रुग्णांना केवढा दिलासा वाटला असेल! काहींनी एड्सवरच्या गोळ्या सुरू केल्या, काही देशांनी अशांचे रक्तदान थांबवले. पुढे निघाले ते असे, की हा विषाणू उंदरांवरच्या प्रयोगांतून प्रयोगशाळेतच तयार झालेला होता आणि नमुन्यांत मिसळला होता. २०११ मध्ये तो निबंध मागे घेतला गेला. पिपेट हातात धरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर काटा येईल अशी ही गोष्ट. उलट टोकाची चूकही झालेली आहे. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये कर्मचाऱ्यांमध्येच अशा आजाराची साथ पसरली आणि हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावे लागले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून तिला सामूहिक उन्माद ठरवले. तो शिक्का पुसायला पुढे कित्येक वर्षे गेली.

आपल्याकडे शिक्का नाही, सलाईन आहे. थकवा म्हटला की पिवळी बाटली. दोन दिवस तरतरी वाटते, मजुरीचे पैसे जातात आणि दुखणे तिथेच. विषाणूविरोधी गोळ्यांनीही अजून काम केलेले नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाने लाँग कोविडच्या, म्हणजे कोरोनानंतर महिनोन्‌महिने त्रास टिकलेल्या, रुग्णांना पॅक्सलोविड हे कोरोनावरचे औषध पंधरा दिवस देऊन पाहिले. २०२४ मध्ये निकाल आला, फरक पडला नाही. पंधरा दिवस कमी पडले की मूळ कल्पनाच चुकीची, याचा वाद अजून चालू आहे.

दुसरा घरगुती सल्ला म्हणजे "पडून राहू नकोस, चालत जा, अंग मोकळं होईल." हा सल्ला इतर अनेक दुखण्यांत बरोबर असेल. पण या आजारात ठरवून दर आठवड्याला व्यायाम वाढवत नेण्याची पद्धत ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकली. झेपेल तेवढेच काम, आणि झेपणे संपायच्या आधी थांबणे, एवढेच सध्या हातात आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईला ते सांगताना जीभ अडखळते, हेही खरे.

जिल्हा हिवताप कार्यालयाकडे चिकनगुनियाच्या पॉझिटिव्ह रुग्णांची यादी असतेच. तीन आणि सहा महिन्यांनी त्याच लोकांना विचारावे: कामावर गेलात का, काम केल्यावर दुसऱ्या दिवशी काय होते, झोप लागून बरे वाटते का, उभे राहिल्यावर गरगरते का. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत हे झाले तर खान्देशात असे किती लोक आहेत, हे निदान मोजले तरी जाईल. हे काम शेवटी आशाताईंच्याच गळ्यात पडणार, तेव्हा त्याचा वेगळा मोबदला आधी मंजूर करावा आणि मग रजिस्टर द्यावे.

आपला,
एक लॅब टेक्निशियन, भुसावळ
(नाव छापू नये, ही विनंती.)