परदेशात राहायला जायचं ठरवण्याआधी

प्रिय आई, बाबा,

परवा फोनवर तुम्ही दोघं आणि तुमची संध्याकाळची मंडळी सगळे एकदमच बोलत होतात, मला माझं म्हणणं धड मांडताच आलं नाही, म्हणून बसून लिहितेय. आधी हे सांगते की मला तुमचे ते वाद ऐकायला मनापासून आवडतात. खून कोणी केला असेल इथून सुरू होतं, मग ड्रोन आणि मिसाईल, आणि शेवटी रिटायर झाल्यावर कुठल्या देशात जाऊन राहावं, आणि मधे कोणी कोणाला सोडत नाही. पण यावेळची दोन वाक्यं डोक्यातून जाईनात. आई म्हणाली, "त्या देशात नको गं, तिथली ती केस आठवते ना." आणि बाबा म्हणाले, "युद्ध होणार नाही असा देश बघू, बाकी सगळं जमतं." म्हणजे एका केसवरून एक अख्खा देश बाद आणि युद्ध नाही म्हणून दुसरा पास. उरलेलं सगळं आयुष्य जिथे काढायचं ती जागा अशी ठरवू नका, प्लीज.

आई, तू केस बघताना किती बारकाईने बघतेस ते मला माहितीये. कबुली दिली म्हणजे त्यानेच केलं असं नाही, हे तू नेहमी म्हणतेस आणि ते अगदी खरं आहे. डीएनएने सुटलेली ती पहिली केस आठव. इंग्लंडमध्ये लेस्टरशायरला १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले होते, एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती, आणि अ‍ॅलेक जेफ्रीज या शास्त्रज्ञांच्या डीएनए टेस्टने सगळ्यात आधी काय सिद्ध केलं तर दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो माणूस हा मुलगा नाही. मग गावागावातल्या हजारो पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा खऱ्या गुन्हेगाराने, कॉलिन पिचफोर्कने, आपल्याजागी कामावरच्या एका सहकाऱ्याला पाठवलं, आणि तो सहकारी पबमध्ये बोलून गेला म्हणून पिचफोर्क १९८७ मध्ये पकडला गेला. तू नेमकं हेच शोधत असतेस ना, कोण कोणाच्या जागी उभा राहिलाय, कोणाचं बोलणं कुठे जुळत नाही.

तर तीच नजर त्या देशांकडे वळव एवढंच माझं म्हणणं आहे. जिथे खून क्वचित होतात तिथे एकेका खुनावर महिनोन् महिने चर्चा होते, डॉक्युमेंटरी निघतात, आणि जिथे रोज होतात तिथे कोणी नावही घेत नाही. म्हणजे एखादी केस आपल्यापर्यंत पोचली यावरून तो देश धोकादायक आहे की सेफ, काहीच कळत नाही. जपानमधल्या किती केसेस तू मला सांगितल्यास, आणि तिथे वर्षाला लाख माणसांमागे अर्धासुद्धा खून होत नाही, जगाची सरासरी साधारण सहाच्या आसपास आहे. (जपानमध्ये रिटायर लोकांसाठी वेगळा असा व्हिसाच नाही ही गोष्ट निराळी.)

आणि आई, २०२१ मध्ये जगभरात साधारण ४ लाख ५८ हजार खून झाले असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. नुसतं पडल्यामुळे जे लोक जातात त्यांचा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा वर्षाला ६ लाख ८४ हजार आहे, आणि त्यात साठीच्या पुढचेच सगळ्यात जास्त. तुम्ही मला त्या घरांचे जे फोटो पाठवलेत ना, समुद्राकडे तोंड असलेल्या, ते मी झूम करून बघितले. एकात वरच्या बेडरूमला गोल जिना आहे, कठडा एकाच बाजूला. दुसऱ्यात बाथरूमला गुळगुळीत टाइल्स, शॉवरला जायला एक पायरी खाली उतरायची, आणि धरायला काय तर टॉवेलची दांडी, जी दोन स्क्रूवर लटकलेली असते आणि माणसाचं वजन पडलं की भिंतीतून बाहेर येते. मला खुनी माणसापेक्षा त्या दांडीची भीती वाटते, खरंच सांगते.

दुसरी भीती फोनची. अमेरिकेत एफबीआय या तपास संस्थेकडे साठीवरच्या लोकांनी २०२४ या एका वर्षात फसवणुकीच्या ज्या तक्रारी केल्या त्यातलं नुकसान जवळपास ४.९ अब्ज डॉलर होतं, आणि हे फक्त ज्यांनी तक्रार केली त्यांचं. नव्या देशात गेल्यावर बँक नवी, भाषा नवी, सरकारी ऑफिसचं पत्र कसं दिसतं तेही माहीत नाही, मग व्हिसा ऑफिसमधून बोलतोय म्हणून फोन आला तर खरा की खोटा कसं ओळखणार?

बाबा, आता तुमच्याकडे येते. स्वस्तातलं ड्रोन कोट्यवधीच्या रणगाड्याला संपवतं हे तुमचं म्हणणं युक्रेनने पुरेपूर दाखवलंय, आणि रेडिओ जॅमिंगला, म्हणजे सिग्नल अडवण्याला, चुकवायला आता ड्रोनमागे फायबर ऑप्टिकची बारीक तार सोडत नेतात हे तर मला तुमच्याकडूनच कळलं. व्हिडिओ आला की तुम्ही आधी सावल्या बघता, झाडं बघता, पाट्या बघता, आणि 'हा गेममधला आहे' म्हणून सांगता, आणि बऱ्याचदा तो तसाच निघतो, आर्मा ३ नावाच्या गेमचे तुकडे युद्धाचे म्हणून इतके फिरले की त्या कंपनीने २०२२ मध्ये स्वतः निवेदन काढलं होतं. १७ जुलै २०१४ ला मलेशियाचं ते प्रवासी विमान युक्रेनवर पाडलं, २९८ माणसं गेली, आणि ते 'बुक' नावाचं मिसाईल कुठल्या रशियन ब्रिगेडचं, म्हणजे लष्करी तुकडीचं, होतं ते लोकांनी घरी बसून फोटोतली झाडं, दुकानं आणि गाडीवरच्या खुणा जुळवत शोधलं, आणि पुढे अधिकृत तपासातही तेच निघालं. आईचा विषय आणि तुमचा विषय तिथे एक झाला, म्हणून ती केस तुम्हा दोघांना एकदम पटते.

पण युद्ध रिटायर माणसाच्या घरी रणगाड्यातून येत नाही बाबा, कागदांतून येतं. सायप्रसचं उदाहरण घ्या, तुमच्या यादीत तो देश आहेच. १९७४ मध्ये युद्धात बेटाचे दोन भाग झाले, उत्तरेतले ग्रीक सायप्रियट, म्हणजे तिथले ग्रीक भाषा बोलणारे लोक, घरंदारं सोडून दक्षिणेत आले. कित्येक वर्षांनी एका ब्रिटिश जोडप्याने उत्तरेत अशीच एक जमीन घेऊन त्यावर घर बांधलं. मूळ मालक कोर्टात गेला, युरोपियन कोर्टाने २००९ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१० मध्ये इंग्लंडच्या कोर्टानेही तो लागू केला, म्हणजे घर पाडून जमीन परत द्या, आणि नाही दिली तर इंग्लंडमधल्या तुमच्या मालमत्तेवर वसुली येऊ शकते. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं युद्ध, एकही गोळी न चालता, निवृत्त माणसांच्या दारात. तसंच मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्डांच्या कंपन्यांनी रशियातलं काम थांबवलं आणि तिथे राहणाऱ्या परदेशी लोकांची बाहेरच्या बँकांची कार्डं बंद पडली. पेन्शन तुमच्या खात्यात जमा होतेय पण तुम्ही जिथे आहात तिथे ती हातात येत नाही, असं झालं तर काय करायचं, हा प्रश्न तुमच्या मंडळींत अजून कोणी विचारलेला मी ऐकला नाही.

आणि ज्यावर तुम्ही सगळ्यात कमी बोलता ते नियम. एजंट सांगतो की व्हिसा सोपा आहे. थायलंडचा घ्या, पन्नाशी ओलांडलेली हवी, तिथल्या बँकेत ८ लाख बाट ठेवायचे किंवा महिन्याला ६५ हजार बाटचं उत्पन्न दाखवायचं, इथपर्यंत तो सांगतो. पण मुदत वर्षाची असते, दरवर्षी वाढवून घ्यायची, आणि दर ९० दिवसांनी आपण कुठे राहतोय ते कळवायचं, ते तो शेवटी सांगतो किंवा सांगतच नाही. आज ठीक आहे, पण ऐंशीव्या वर्षी, ऑपरेशननंतर, दर तीन महिन्यांनी हे कोण लक्षात ठेवणार? परदेशी लोकांना राहू देणारी मलेशियाची ती प्रसिद्ध 'माय सेकंड होम' स्कीम २००२ पासून चालू होती, २०२० मध्ये थांबवली, २०२१ मध्ये परत आणली तेव्हा महिन्याच्या उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून एकदम ४० हजार केली, आणि २०२४ मध्ये पुन्हा सगळं बदललं. पोर्तुगालने परदेशी पेन्शनवर आधी टॅक्सच नाही असं ठेवलं, २०२० पासून नव्या लोकांना १० टक्के लावला आणि २०२४ पासून ती सवलत नव्यांना बंदच केली. ब्रिटनचे चार लाखांहून जास्त पेन्शनर असे आहेत की ते कॅनडा, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत राहतात म्हणून त्यांच्या सरकारी पेन्शनमध्ये दरवर्षीची वाढ मिळत नाही, अमेरिकेत राहणाऱ्यांना मात्र मिळते. ते युरोपच्या मानवाधिकार कोर्टापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. म्हणजे नुकसान होतं ते देश धोकादायक निवडला म्हणून नाही, नियमातली एक ओळ वाचली नाही म्हणून.

आता जे फोनवर बोलायचं धाडस झालं नाही ते लिहिते. तुम्ही दोघं नेहमी 'आम्ही तिथे राहू' म्हणता. मला विचारायचंय की एकटं राहायची वेळ आली तर? बाबा, व्हिसा तुमच्या पेन्शनवर असेल तर तुमच्यामागे आईला तिथे राहता येईल का, आणि आली नाही परत तर तिला हॉस्पिटलमध्ये तिच्या भाषेत कोण समजावेल? आई, तू आधी गेलीस तर बाबा स्वतःच्या गोळ्या कुठे ठेवल्यात ते तरी सांगू शकतील का? हे लिहिताना मला खूप त्रास होतोय, पण लिहिलं नाही तर दुसरं कोण लिहिणार. मृत्यूपत्राचंही असंच. युरोपियन युनियनच्या बहुतेक देशांत ऑगस्ट २०१५ पासून असं आहे की माणूस कायमचा जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागतो, आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा हवा असेल तर तसं मृत्यूपत्रात स्पष्ट लिहून ठेवावं लागतं. आयर्लंड आणि डेन्मार्क त्यात नाहीत.

जाऊच नका असं मी म्हणत नाहीये. तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या सोयीने राहिलात, आता समुद्रासमोर राहावंसं वाटतंय तर ते मिळायलाच हवं. फक्त एजंटला आरोपीसारखं प्रश्न विचारा, तुमच्याइतकं ते कोणाला जमतं? आणि घर विकत घ्यायचं नाही, आधी भाड्याने राहायचं, तेही टुरिस्ट नसतात त्या महिन्यांत, जेव्हा निम्मी दुकानं बंद असतात आणि बोलायला शेजारी तेवढे उरतात. दिवसा नाही, रात्री दोनला अँब्युलन्स यायला किती वेळ लागतो ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं.

बाबा, तुम्ही पेन्शन, बँक आणि व्हिसा वाढवण्याचे नियम त्या त्या सरकारच्या साइटवरून काढा, कोणाच्या व्हिडिओवरून नको. आई, तू मृत्यूपत्र आणि विम्याचं बघ, विम्यात सत्तरीनंतर काय काय वगळलंय ते बारीक अक्षरातलं आधी वाच. जिने आणि बाथरूम मी बघते, आणखी फोटो पाठवा. भाड्याने राहायला जाल तेव्हा मी रजा काढून पहिले काही दिवस तुमच्यासोबत येणार आहे, तारखा ठरल्या की लगेच कळवा.

तुमची लेक