खोंडाचे दात आणि डेव्हर्सची जर्सी

बॉस्टन, डिसेंबर २०२५

प्रिय मास्तर,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, कारण पहिल्या वेळी मागं कुकरच्या शिट्ट्याच जास्त येत होत्या. जाडेजाला राजस्थानला देऊन संजू सॅमसनला चेन्नईत आणला यावर तू एवढा पेटशील असं वाटलं नव्हतं, तू तर जन्मापासून मुंबईवाला. असो. शेवटी तू विचारलंस की तुमच्या बेसबॉलमध्ये म्हणे हे बारा महिने चालतं, माणसाला न विचारता दुसऱ्या गावाला पाठवतात, मग तिथली फॅन मंडळी गप कशी बसतात आणि कुणाची किंमत किती हे ठरवतं कोण? फोनवर सांगायला बसलो तर तुझी शाळा बुडेल. इथं चार वाजता अंधार पडतो, सीझन संपलाय, करायला काही नाही, म्हणून लिहायलाच बसलो.

आधी गप बसण्याचं सांगतो. कोणी गप बसत नाही. इथं हिवाळ्यातल्या या ट्रेडच्या, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीच्या गप्पांना 'हॉट स्टोव्ह'च म्हणतात, म्हणजे आपल्याकडं शेकोटीभोवती बसून सरपंच पाडतात आणि निवडून आणतात तसंच.

आणि विचारण्याचं म्हणशील तर आयपीएलमध्ये निदान खेळाडूची संमती लागते. इथं नाही. करारातच 'मला हलवायचं नाही' असं कलम लिहून घेतलेलं असेल, किंवा लीगमध्ये १० वर्षं झाली असतील आणि त्यातली शेवटची ५ एकाच टीममध्ये, तरच तो नाही म्हणू शकतो. आत्ता नोव्हेंबरात आमच्या रेड सॉक्सने, म्हणजे बॉस्टनच्या टीमने, सेंट लुईसकडून सनी ग्रे घेतला, ३६ वर्षांचा पिचर (आपला बोलर समज), त्याच्याकडं तसं कलम होतं म्हणून त्याला विचारलं, तो हो म्हणाला. शिवाय सेंट लुईसने त्याच्याबरोबर २ कोटी डॉलर पण दिले. म्हणजे मुलगी दिली आणि वर हुंडा पण, असं माझी बायको म्हणाली. बाकीच्यांना फक्त फोन येतो.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो, म्हणजे तुला कळेल मी या भानगडीत एवढा कसा घुसलो. १५ जून, रविवार, इथला फादर्स डे. चिरंजीवांनी मला कार्ड दिलं आणि लगेच स्वतःची डेव्हर्सची, म्हणजे आमच्या स्टार बॅटरची, जर्सी चढवली, ११ नंबरची, जी त्याला आता काखेत घट्ट होते पण तो मान्य करत नाही. दुपारी मॅच, समोर यँकीज, म्हणजे आपल्याकडं भारत-पाकिस्तान म्हण. डेव्हर्सने होमरन मारला, आपला सिक्सर समज, आम्ही २-० जिंकलो, तीन मॅचेसची सिरीज आख्खी खिशात. पोरगं सोफ्यावरून उड्या मारत होतं. संध्याकाळी मी भाताला फोडणी घालत होतो आणि फोन थरथरायला लागला, एक मेसेज, दोन, मग ऑफिसच्या ग्रुपवर नुसता धूर. राफाएल डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला. दुपारी होमरन मारणारा माणूस रात्री दुसऱ्या टीमचा! फोडणी जळली ती जळलीच. पोराला सांगितलं तर म्हणाला, पण तो तर आज मस्त खेळला ना? याला काय उत्तर देणार सांग.

बदल्यात काय मिळालं? जॉर्डन हिक्स, काइल हॅरिसन, आणि दोन पोरं, जेम्स टिब्स आणि होसे बेलो. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तोच फणफणत. आमच्याकडं अकाउंट्समध्ये एक म्हातारा आहे, क्विन्सीचा, साठ वर्षं रेड सॉक्स बघतोय, सहसा बोलत नाही. त्याने कॅन्टीनमधला पेपर नॅपकिन ओढला, पेन काढलं आणि म्हणाला, बस. मग त्याने मला जे शिकवलं ते तुला जसंच्या तसं सांगतो.

तो म्हणाला, खेळाडू किती चांगला हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न, किती वर्षं आपल्या दावणीला आहे. (दावण माझा शब्द, तो 'कंट्रोल' म्हणाला.) मेजर लीगमध्ये आल्यावर ६ वर्षांची सर्व्हिस पूर्ण होईपर्यंत खेळाडू टीमचाच असतो. पहिली साधारण तीन वर्षं जवळजवळ किमान पगार, २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर, तुला मला ते डोंगराएवढे वाटतात पण इथं ते चिल्लर आहेत. पुढची तीन वर्षं लवादाकडून पगार ठरतो, तो दरवर्षी चढत जातो पण बाजारभावापेक्षा कमीच. सहा वर्षांनी तो मोकळा. आणि सर्व्हिसचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस, इथं तर मोठी गंमत आहे. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट नावाच्या तयार पोराला सीझनच्या सुरुवातीला ज्युनियर टीममध्येच बसवून ठेवला आणि १७ एप्रिलला वर आणला, त्यामुळे त्याचे भरले १७१ दिवस. एक दिवस कमी! वर्ष मोजलं नाही, कब्जला तो आणखी एक सीझन मिळाला. त्याने तक्रार केली, हरला. आपल्याकडं हजेरीला दोन दिवस कमी पडले म्हणून परीक्षेला बसू न देणारे मास्तर असतात ना, तसं. (तू नाहीस, मला माहितीये.)

दुसरा प्रश्न, तो पगारापेक्षा किती जास्तीचं काम करतो. यासाठी 'वॉर' म्हणून आकडा आहे, लढाईशी संबंध नाही, एखादा हलकाफुलका बदली खेळाडू घेतला असता त्यापेक्षा हा माणूस टीमला किती मॅच जास्त जिंकून देतो याचा तो अंदाज. आणि खुल्या बाजारात अशी एक विन विकत घ्यायला ८०-९० लाख डॉलर पडतात असं लोक धरून चालतात. मग नॅपकिनवर त्याने गॅरेट क्रोशे या पिचरचं गणित मांडलं, जो आम्ही डिसेंबर २०२४ मध्ये व्हाइट सॉक्सकडून घेतला. दोन वर्षांचा कंट्रोल. वर्षाला ४ विन्स धर, झाल्या ८. एकाचे ८० लाख, म्हणजे ६ कोटी ४० लाखांचं काम. दोन वर्षांचा पगार मिळून धर दीड कोटी. उरले ४ कोटी ९० लाख. ही त्याची ट्रेडमधली किंमत, एवढ्या तोलाची पोरं समोर ठेव नाहीतर चालायला लाग. आम्ही चार ठेवली, त्यातली काइल टील आणि ब्रेडन माँटगोमेरी ही दोन तर नव्या पोरांच्या निवडीत पहिल्या राउंडला उचललेली. तेव्हा टीलसाठी इथले निम्मे लोक रडत होते, आपला भावी कॅचर (विकेटकीपर समज) गेला म्हणून. क्रोशेने २०२५ मध्ये २५५ जणांना स्ट्राइकआउट करून बाद केलं आणि सगळे एका रात्रीत म्हणायला लागले आम्हाला आधीच माहीत होतं.

मग त्याने नॅपकिन उलटा केला आणि डेव्हर्स लिहिलं. ३१ कोटी ३५ लाखांचा दहा वर्षांचा करार, त्यातले २५ कोटींच्या वर अजून द्यायचे, २०३३ पर्यंत. चांगलाच खेळतो, पण त्या चांगलं खेळण्याचे पूर्ण पैसे मोजलेत, वर काही शिल्लकच नाही. शिवाय तिसऱ्या बेसवर फिल्डिंगला दुसरा माणूस आणला तेव्हा कुरकुर, पहिल्या बेसवर खेळशील का विचारलं तर नाही, म्हणजे फक्त बॅटिंगपुरता. खाली रेघ मारून म्हातारा म्हणाला, शून्य. जायंट्सने चार माणसं दिली ती दक्षिणा, खरी किंमत त्यांनी तो सगळा करार डोक्यावर घेतला तीच. मी म्हणलं शून्य कसं, अरे कालच होमरन मारला! तो हसला आणि कॉफी आणायला गेला.

खरं सांगू, मला त्या वेळी आबा आठवले. खरसुंडीच्या बाजाराला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो, सातवीत असेन. मी एका खिलार बैलावर फिदा, शिंगं काय, चाल काय, पांढराशुभ्र. आबांनी शिंगांकडं बघितलं पण नाही, सरळ तोंड उघडून दात बघितले, म्हणाले हा जुळलेला आहे, आता याच्यात पुढं वाढायचं काही राहिलं नाही. आणि शेजारचा एक किडकिडीत आदत खोंड बघत बसले, ज्याला अजून दातच पडले नव्हते. मग टॉवेलखाली हात घालून दलालाबरोबर बोटांचा भाव. मला काही कळेना, एवढा देखणा सोडून हे शेंबडं काय घेताय. आता कळतंय. प्रॉस्पेक्ट, म्हणजे ज्युनियर टीममधलं होतकरू पोरगं, तो आदत खोंड. उद्या शर्यत मारेल किंवा नुसताच वैरण खाईल, कोणाला माहीत, पण वर्षं तर सगळी तुमच्याच दावणीला.

फक्त आबांना जे जमायचं ते फॅनला जमत नाही, कारण फॅन विकणाराही असतो आणि बापही. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या ज्युनियर टीममधल्या अठरा वर्षांच्या पोराने दोन होमरन मारले की तो उद्याचा सुपरस्टार, आणि समोरच्याचा सिद्ध झालेला पिचर म्हणजे 'खांदा कधी जाईल सांगता येत नाही'. मी पण केलंय रे. ऑफिसात मोठ्या तोंडाने एक ट्रेड सुचवला होता, आमचा एक दुखापतीतून उठलेला पिचर, एक बेंचवरचा फिल्डर आणि दोन कच्ची पोरं द्यायची आणि त्यांचा नंबर एकचा पिचर घ्यायचा. म्हातारा म्हणाला, तुझ्याकडं कुणी चार पन्नासच्या फाटक्या नोटा देऊन पाचशेची मागितली तर देशील? वरून त्या चौघांना ठेवायला त्यांनी जागा कुठून आणायची, रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, ४० च माणसं असतात. सगळे हसले. मी पण हसलो, काय करणार.

आणि मग जुनी खाती. इथं प्रत्येक रेड सॉक्सवाल्याच्या डोक्यात एक वही असते. नावे बाजूला (म्हणजे तोटा): ऑगस्ट १९९०, रिलीव्हर, म्हणजे मॅचमध्ये मागून येणारा बदली पिचर, पाहिजे म्हणून लॅरी अँडरसन आणला, त्याने उरलेल्या सीझनमध्ये आमच्यासाठी २२ इनिंग टाकल्या, बदल्यात ह्यूस्टनला जेफ बॅगवेल नावाचा पोरगा दिला, तो ४४९ होमरन मारून हॉल ऑफ फेममध्ये गेला. जमा: १९९७, हीथक्लिफ स्लोकम सिॲटलला दिला आणि डेरेक लो, जेसन व्हेरिटेक दोघं मिळाले, ८६ वर्षांनी २००४ मध्ये आम्ही वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकलो तेव्हा दोघंही टीममध्ये होते. आता मजा बघ, बॅगवेल दिला तेव्हा तो तिसऱ्या बेसवर खेळायचा आणि तिथं वेड बॉग्ज बसलेला होता, म्हणजे त्या दिवशीचं गणित अगदीच वेड्याचं नव्हतं. पण वहीत त्या दिवशीचं गणित कोणी लिहीत नाही, पुढं काय झालं तेवढंच लिहितात. मला हे अन्यायाचं वाटतं.

एका पानाबद्दल मात्र मी म्हाताऱ्याचं सुद्धा ऐकत नाही. फेब्रुवारी २०२०, आमचा स्टार मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सला दिला. करार संपायला एकच वर्ष राहिलेलं, पगार २ कोटी ७० लाख, नॅपकिनवर सगळं बरोबरच बसतं, एका वर्षासाठी तीन पोरं म्हणजे ठीकच भाव. डॉजर्सने त्याला लगेच ३६ कोटी ५० लाख देऊन १२ वर्षं बांधून घेतला आणि २०२०, २०२४, २०२५ अशी तीन टायटल्स जिंकली. आमच्याकडं त्या तिघांपैकी कॉनर वाँग तेवढा उरला. अरे पण बॉस्टनसारख्या श्रीमंत टीमने भाव बघून घरातला सोन्यासारखा माणूस द्यायचाच कशाला? भाव बरोबर होता हे मान्य, पण बाजारात न्यायलाच नको होता. बैल विकताना आबा पण एक जोडी कधी दाखवायचे नाहीत, गोठ्याचं दार लावून घ्यायचे.

डेव्हर्सचा हिशेब अजून उघडाच आहे. तो गेल्यावर आम्ही प्लेऑफला गेलो, जायंट्स ८१-८१ वर अडकले. पण हिक्स इथं चालला नाही, आणि टिब्सला तर सहा आठवड्यांत, ३१ जुलैला, डॉजर्सला देऊन टाकला डस्टिन मे घ्यायला. म्हणजे डेव्हर्सच्या बदल्यात कोण आलं हे सांगायचं तर आता वंशावळ काढावी लागते.

सध्या शेकोटीवर जॅरेन डुरान आहे. आउटफिल्डला आमच्याकडं माणसं जास्त झालीत, म्हणून रोज त्याचा ट्रेड. २०२४ मध्ये ऑल-स्टार मॅचचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, २०२५ त्या मानाने उतरलं, वय २९, कंट्रोल २०२८ पर्यंत. निम्मे लोक २०२४ चा डुरान विकायला काढतात आणि समोरचे २०२५ चा घ्यायला येतात. माझं मत, ठेवा. म्हातारा म्हणतो आत्ताच विका, दात बघ त्याचे. म्हणजे दात असं नाही म्हणाला, पण तू समज.

चिरंजीवांनी फ्रिजवर चिठ्ठी लावलीये, डुरान देऊन डेट्रॉइटचा टारिक स्कूबल घ्यायचा. सलग दोन साय यंग, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान, जिंकलेला माणूस. मी म्हणलं ते नाही देणार रे, तर म्हणाला त्याचा करार २०२६ लाच संपतोय ना, मग देतील. मी गप.

परवा नवीन जर्सी घ्यायला गेलो, डेव्हर्सची शेवटी काखेत उसवलीच. मी डुरानची काढून दाखवली, मला आवडतो म्हणून. त्याने हातात घेतली, परत हँगरला लावली आणि आमच्याच रोमन अँथनीची उचलली. का रे? तर म्हणाला, बाबा, याने आठ वर्षांची सही केलीये, ही मला कॉलेजपर्यंत चालेल. दोन साइज मोठी घेतली.

काकूंना नमस्कार सांग. लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही, पण तेल सुटून पासबुकाची झेरॉक्स पिवळी झालीये, ती परत काढून पाठव.

तुझाच,
बॉस्टनकर